ग्राहकाची खुर्ची

रोज सकाळी साडेनऊला त्या ऑफिसात सगळे पंधरा मिनिटं उभे राहून बोलायचे. बसलं की माणूस पसरतो आणि त्याच्याबरोबर त्याचं बोलणंही पसरतं, म्हणून उभ्यानं. काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे. तीन वाक्यं झाली की पुढचा. पहिल्या दिवशी थोरलीला हसू आवरेना. "खुर्च्या एवढ्या भारीतल्या घेतल्यात आणि बोलता उभ्यानं! त्या बिचाऱ्यांनी काय पाप केलंय?" सगळे खो खो हसले, आणि त्या हसण्यातच ती त्यांच्यातली होऊन गेली.

त्याला आता सहा महिने झाले होते. आज बुधवार, आणि आज तिला उभंही राहवत नव्हतं. खिडकीपासून बोर्डापर्यंत अकरा पावलं, बोर्डापासून खिडकीपर्यंत अकरा. बाकीचे बोलत होते, ती चालत होती.

"ताई, तुमचं काही अडलंय का?" कॅप्टननं विचारलं. टीमचा म्होरक्या तो, म्हणून कॅप्टन. चाळिशीचा, शर्टाची बाही सतत दुमडणारा माणूस.

"नाही हो. चालू दे तुमचं."

असं म्हणून ती पुन्हा खिडकीकडे निघाली.

थोरली मुळात हॉस्पिटलची. ऑपरेशनची हत्यारं धुऊन, मोजून, ट्रेमध्ये लावून, कापडात बांधून वाफेच्या मशिनात घालायची, हे तिचं एकवीस वर्षांचं काम. थोरली हे नावही तिथलंच. पॅकिंगरूममध्ये दोघी सख्ख्या जावा कामाला, एक थोरली, एक धाकटी. मेट्रनबाईसुद्धा रागावल्या की "थोरलीला पाठवा" एवढंच म्हणायच्या, आडनाव लावायच्या नाहीत.

हॉस्पिटलनं ठरवलं, की कुठला ट्रे कुठे आहे, कोणी मोजला, कोणी बांधला, हे वहीऐवजी स्क्रीनवर यावं. काम या कंपनीला दिलं. कंपनी म्हणाली, नुसते कागद पाठवू नका, माणूस पाठवा. रोज हे काम करणारं तुमचं एक माणूस आमच्या शेजारी बसू दे. दर दुसऱ्या शुक्रवारी आम्ही जेवढं केलंय तेवढं दाखवू. ते आपलं म्हणून वापरून बघायचं आणि हो किंवा नाही म्हणायचं. हो म्हटलं तरच पुढे. किती शहाणपणाची रीत! ज्याच्या अंगावर घालायचा त्यालाच समोर उभं करून सदरा शिवायचा. मेट्रनबाईंनी थोरलीला पाठवलं. तिच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवलेली होती आणि पाठीवर चिठ्ठी डकवलेली होती, ग्राहक.

"मी कसली ग्राहक? मी काही विकत घेतलेलं नाही बाई," ती म्हणाली होती. पण बसली होती. खुर्ची मऊ होती.

आता तिच्या पायाला भिंगरी का लागली, ते सांगायला हवं.

सोमवारपासून पॅकिंगरूममध्ये नव्या सिस्टिमची चाचणी सुरू झाली होती. पहिला दिवस सुरळीत गेला. मंगळवारी सकाळी पोटाच्या ऑपरेशनचा एक ट्रे वर ऑपरेशन थिएटरात गेला. तिथल्या नर्सनं सुरुवात करण्याआधी मोजला, तर एक क्लॅम्प, रक्त थांबवायचा चिमटा, कमी. स्क्रीनवर मात्र एकतीसच्या एकतीस खुणा हिरव्यागार. पेशंट टेबलावर आणि दुसरा ट्रे येईपर्यंत चाळीस मिनिटं सगळे हात बांधून उभे. पेशंट सुखरूप घरी जाईल, देवाची कृपा. पण नोंदीत मोजणाऱ्याचं नाव उमटलं होतं आणि ते धाकटीचं होतं.

गुरुवारी अकराला मेट्रनबाईंनी तिला बोलावलं होतं. धाकटी सहा वर्षं कंत्राटावर होती. पुढच्या महिन्यात जी माणसं कायम व्हायची होती त्यांच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. शेरा पडला, की यादीतून नाव गेलं. सहा वर्षं पाण्यात.

आणि शुक्रवारी इथे शेवटचा डेमो होता. थोरलीनं हो म्हटलं की पुढच्या सोमवारपासून सिस्टिम हॉस्पिटलभर.

एवढं कारण एखाद्याला पुरलं असतं. पण थोरली बोर्डाजवळ जाऊन जाऊन जिथे थबकत होती, ती जागा वेगळीच होती. बोर्डाच्या उजव्या टोकाला, पूर्ण झालेल्या कामांची कार्डं लावायचा, 'झालं' नावाचा रकाना होता. त्यात खालून तिसरं एक पिवळं कार्ड होतं. ती त्या कार्डाकडे बघायची आणि चटका बसल्यासारखी वळायची.

पॅकिंगरूममध्ये मोजणी दोघींची असते. एक यादी बोलते, दुसरी हत्याराला हात लावून उत्तर देते. "कात्री सरळ?" "दोन!" "कात्री वाकडी?" "दोन, धार आहे!" "क्लॅम्प लहान?" "सहा, सहाही मिटतात!" एवढ्या वर्षांत या सवालजबाबाला आपोआप एक चाल लागली होती. बोलणारी पुढे पळाली की उत्तर देणारी अडखळायची. उत्तर रेंगाळलं की बोलणारी थांबायची. साथ करणाऱ्याचा ठोका चुकला की गाणारा कसा मान वळवून बघतो, तसं. हात, डोळा आणि जीभ तिन्ही एका जागी आल्याशिवाय पुढचं पाऊलच पडायचं नाही.

हे तिनं टीमला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. करूनही दाखवलं होतं, पेनं आणि चमचे मांडून. सगळ्यांना भारी वाटलं होतं.

"पण ताई," दाढी म्हणाला होता, "वहीत शेवटी सही किती जणींची?"

दाढी म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारा. छातीपर्यंत दाढी आणि आवाज मात्र मुलीसारखा मऊ. थोरलीचा त्याच्यावर फार जीव.

"सही एकीचीच."

"मग स्क्रीनवर एकीचंच नाव पुरे?"

तिनं क्षणभर विचार केला होता आणि म्हणाली होती, "पुरे."

एवढंच. खोटं काही नव्हतं त्यात. पण स्क्रीनवर एकच नाव आलं म्हटल्यावर हॉस्पिटलनं चाचणीसाठी एकच बाई बसवली. दुसरीचे हात मोकळे झाले, ते धुण्याकडे लावले. एका 'पुरे'नं एक माणूस उठून गेलं आणि पॅकिंगरूम मुकी झाली.

आणि ते पिवळं कार्ड? ते त्यानंतरचं.

दर दुसऱ्या शुक्रवारी पूर्ण ट्रेची मोजणी थोरलीनं स्क्रीनवर करून दाखवायची. एकतीस चौकोन, एकतीस टिचक्या. एकदा झालं, चारदा झालं. आठव्या डेमोच्या आधी ती वैतागली. "अरे बाबांनो, सगळे आहेत असं एक बटण द्या की! माझी बोटं झिजली."

"कार्ड लिहा," दाढी हसत म्हणाला. "ग्राहकानं लिहून दिलं की मी बांधील."

कार्ड लिहायची पद्धत ठरलेली होती. कोणाला हवं, काय हवं, कशासाठी हवं. थोरलीनं ठसठशीत अक्षरात लिहिलं. थोरलीला. सगळे आहेत असं एक बटण. कारण कंटाळा येतो.

कॅप्टन खूप हसला. मग त्यानं 'कंटाळा येतो'वर एक रेघ मारली आणि वर लिहिलं, वेळ वाचावा म्हणून. चहा निवायच्या आत दाढीनं बटण करून दिलं. त्या शुक्रवारी थोरलीनं एक टिचकी मारली आणि एकतीस चौकोन एकदम हिरवे झाले. टाळ्या पडल्या. तिनं नाटकातल्या नटीसारखं वाकून सगळ्यांना नमस्कार केला.

कोणाच्या ध्यानातच आलं नाही, की टेबलावर ट्रे नव्हता. सहा महिन्यांत एकदाही नव्हता. ती हत्यारं मोजतच नव्हती, नुसते चौकोन भरत होती. खुर्चीवर चिठ्ठी ग्राहकाची होती, पण तीत बसलेल्या बाईचा जीव आता हत्यारांपेक्षा डेमोत जास्त होता.

दुपारी चहाच्या मशिनपाशी दाढीनं तिला गाठलं. इकडेतिकडे बघितलं.

"ताई, मंगळवारचं मी बघितलं. सगळं टिपलेलं असतं आत. त्या बाईनं एकेक टिचकी मारलेली नाही. तुमचं बटण दाबलंय."

थोरलीनं कप खाली ठेवला. "माझं बटण."

"अजून कोणाला माहीत नाही. नोंदीत नुसतं 'मोजणी पूर्ण' एवढंच दिसतं." तो आणखी हळू बोलायला लागला. "उद्या सकाळी मी ते काढून टाकतो. कार्डही उतरवतो. शुक्रवारी कोणाला पत्ताही लागणार नाही. तुम्ही काळजी नका करू."

"आणि ती बाई?"

"तिचं काय? बटणावर स्पष्ट लिहिलंय, सगळे आहेत. नव्हते, तरी दाबलं. चूक तिचीच ना?"

"ती माझी जाऊ आहे रे."

दाढीचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं मान खाली घातली. "मला वाटलं... मी तुमच्यासाठी म्हणत होतो."

"माहितेय मला," थोरली म्हणाली. खरंच माहीत होतं. हा पोरगा तापात फणफणत असताना तिच्यासाठी स्क्रीनवरची अक्षरं मोठी करत बसला होता, तिचा चष्मा घरी विसरला म्हणून. त्याच्या कामाला नाही म्हणायचं म्हणजे त्याच्या तोंडावरचा आनंद पुसायचा. म्हणूनच तर सहा महिन्यांत ती एकदाही 'नाही' म्हणाली नव्हती.

हो हा मोठा गोड शब्द. देवापुढे हात जोडून माणूस हो म्हणतो, तेव्हा तो आपलं सगळं त्याच्या पायाशी ठेवतो. पण माणसांपुढे म्हटलेला प्रत्येक हो काही तसा नसतो. कधी तो मायेपोटी येतो, कधी भिडेपोटी, कधी खुर्ची मऊ असते म्हणून. दिसायला सारखेच. देवाला फरक कळतो. बाकीच्यांना तो कळतो, पण कुणीतरी भोगल्यावर.

संध्याकाळी घरी दोघी भाजी चिरायला बसल्या. एकच घर, एकच ओटा, दोन विळ्या. धाकटी कांदा चिरत होती, त्यामुळे तिचे डोळे कशानं भरलेत ते विचारायची सोय नव्हती.

"जाऊबाई, मला आठवतच नाहीये," धाकटी म्हणाली. "मी मोजलं होतं का? आठवायला गेलं की नुसतं ते हिरवं हिरवं दिसतं."

"किती ट्रे होते सकाळी?"

"चौदा. एकटी मी. तुम्ही तिकडे ऑफिसात. बोलायला कोणी नाही. एकदा मी आपल्या आपणच बोलून बघितलं, कात्री सरळ, आणि आपणच उत्तर दिलं, दोन. तर तो ट्रॉलीवाला म्हणाला, काय वहिनी, भूतबाधा झाली का? मग बंद केलं."

थोरलीनं विळी बाजूला सारली.

"बटण दाबलंस का?"

"दाबलं असेल. शिकवताना त्यांनीच सांगितलं, घाई असेल तर हे दाबा, हे तुमच्याच माणसानं मागून घेतलंय. म्हटलं आपल्याच माणसानं मागितलंय म्हणजे बरोबरच असणार." धाकटीनं नाक पुसलं. "पण ते काही कारण नाही. क्लॅम्प मोजायचा माझा मला. लक्षच नव्हतं माझं. करंटी मी."

आत्ताच, असं थोरलीच्या मनात आलं. आत्ताच सांगून टाक. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात दीर आत आला, "पाणी तापलं का?" म्हणाला, आणि ते आत्ता निघून गेलं. नंतर जेवणं झाली. नंतर धाकटीनं उद्यासाठी साडीला इस्त्री केली. मेट्रनबाईंसमोर चुरगळलेलं नको म्हणून. थोरली खोल्याखोल्यांतून फिरत होती. झाकलेली भांडी पुन्हा झाकत होती, बंद नळ पुन्हा पिळत होती. अंथरुणावर पडल्यावर तिनं देवाला सांगितलं. देवाला सांगणं सोपं. तो ऐकून घेतो, पण साक्षीला म्हणून मेट्रनबाईंच्या केबिनमध्ये येत नाही.

गुरुवारी ती नवाच्या आधीच ऑफिसात पोचली. दाढी तिच्याही आधी आलेला. स्क्रीन उघडा होता.

"ताई, तुम्ही म्हणाल तसं. प्रोग्रॅममधली एक ओळ आहे. काढू?"

"नको."

"मग ठेवू?"

"आज हातच लावू नकोस. जसं आहे तसं राहू दे. काढलंस तर तिनं काय दाबलं ते दाखवायला राहील काय माझ्याकडे?" ती बोर्डाकडे गेली आणि खालून तिसरं पिवळं कार्ड ओढून घेतलं. टाचणी उडून खाली पडली.

कॅप्टन दारातून आत येत होता. "ताई, बोर्डावरचं कार्ड बाहेर न्यायचं नसतं."

"मग तुम्ही बरोबर चला."

"कुठे?"

तिनं सांगितलं. सगळं. उभ्यानंच, तीन वाक्यांत बसलं नाही. कॅप्टनच्या बाहीची घडी सुटली तरी त्याला कळलं नाही.

"बरोबर आहे तुमचं," तो शेवटी म्हणाला. "सांगायलाच हवं. मी फक्त एवढं म्हणतो, उद्या डेमो आहे. एवढी माणसं येणार आहेत. शुक्रवार होऊ दे, सोमवारी आपण दोघं मिळून जाऊ मेट्रनबाईंकडे. तीन-चार दिवसांनी काय बिघडतं?"

"आज अकराला बिघडतं."

"ताई, या डेमोवर या सगळ्यांचं..."

"कॅप्टन, तुम्हीच मला पहिल्या दिवशी म्हणालात, हॉस्पिटलच्या बायकांच्या वतीनं तुम्ही इथे बसा. मी बसले. पण वतीनं काही बोलले नाही. तुमच्यावर माया जडली आणि तुमच्याच वतीनं बोलत बसले." "तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही विचारत होतात. मीच हो हो करत होते."

कॅप्टननं सुटलेली बाही पुन्हा दुमडली. मग म्हणाला, "रिक्षा बोलावू का?"

"मी चालत जाते. बसवणार नाही मला."

मेट्रनबाईंच्या केबिनबाहेर बाकड्यावर धाकटी बसली होती. इस्त्रीची साडी, मांडीवर हात. थोरलीला बघून ती उठली. "तुम्ही कशाला आलात? तुमचं काम..."

"आत चल."

मेट्रनबाई पन्नाशीच्या, ताठ, आवाज न चढवता घाम फोडणाऱ्या. त्यांनी आधी धाकटीला विचारलं, मोजलं होतं का. धाकटी म्हणाली, आठवत नाही. मग त्या लिहायला लागल्या. थोरलीनं कार्ड कागदावर ठेवलं, बरोबर त्यांच्या पेनाच्या टोकाखाली.

"हे काय?"

"वाचा बाई."

मेट्रनबाईंनी चष्मा वर केला. "वेळ वाचावा म्हणून. बरं, मग?"

"त्याच्या खालचं. रेघ मारलीये ते."

"कंटाळा येतो." मेट्रनबाईंनी वर बघितलं. "कोणाला कंटाळा येतो?"

"मला. त्यांच्या ऑफिसात बसून एकतीस टिचक्या मारायचा. समोर ट्रे नाही, काही नाही. म्हणून मी हे बटण मागून घेतलं. हिनं तेच दाबलं. हिला सांगितलं होतं, की तुमच्याच माणसानं मागितलंय."

थोरलीनं धाकटीकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

"म्हणजे न मोजता 'आहे' म्हणायची सोय तुम्ही करून घेतलीत. एकवीस वर्षं मोजणाऱ्या बाईनं."

"हो."

हा 'हो' थोरलीला दगडासारखा जड गेला. पण तो सगळा तिचा होता.

"आणि मोजायला दोघी असतात, हे त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. मग एकीचंच नाव पुरे का म्हणाले, तर पुरे म्हटलं. तुम्हीही मग एकीलाच बसवलंत." वाक्य तोंडातून गेलं आणि तिला वाटलं, आता आपली धडगत नाही.

मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं. दुसरीचे हात धुण्याकडे लावायच्या कागदावर सही त्यांची होती.

"न बघता बटण दाबलं, ती चूक आहेच," त्या धाकटीला म्हणाल्या. "तोंडी समज देतेय. कागदावर शेरा नाही. यादीला धक्का नाही. जा." मग थोरलीकडे वळल्या. "तुमच्या नावावर मात्र लिहावं लागेल. आणि ही सिस्टिम सोमवारी सुरू होणार नाही. त्यांना सांगा."

"सांगते."

"त्या खुर्चीवरही तुम्ही आता नको."

"नकोच," थोरली म्हणाली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडलं.

व्हरांड्यात धाकटी पुढे चालायला लागली. भराभरा. थोरली मागे.

"अगं ऐक."

धाकटी वळली. डोळ्यांत आता पाणी नव्हतं, आग होती. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"काल दुपारपासून नक्की. शंका मंगळवारीच आली."

"म्हणजे काल माझ्या शेजारी बसून भाजी चिरत होतात तेव्हा माहीत होतं! मी स्वतःला करंटी म्हणत होते आणि तुम्ही ऐकत होतात! इस्त्री करत होते, ते बघत होतात!"

"सांगणार होते गं. मध्येच भावजी आले..."

"त्यांच्यावर ढकलू नका!" ती एवढ्यानं ओरडली की स्ट्रेचर ढकलणारा थांबला. "तुमचं बटण काय, एकवेळ माफ. कंटाळा मलाही येतो. पण कालची रात्र मी कशी काढली ते मला विचारा!"

माफी मागावी तर ती ऐकायला समोरची थांबायला हवी, आणि धाकटी जिना उतरून गेलीसुद्धा.

कॅप्टनला तिनं फोन केला. मोजक्या शब्दांत सांगितलं. पलीकडून आवाज आला, "मग उद्या आम्ही दाखवायचं तरी काय?"

"उद्या दाखवू नका. बघायला या. पॅकिंगरूममध्ये."

"हो-नाही कोण म्हणणार?"

"ते मी कशी ठरवू? तिलाच विचारा. पण विचारा हं. मी तिच्या वतीनं आता काही कबूल करणार नाही."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला टीम आली. त्यांना टोप्या आणि बुटांवरची आवरणं घालायला दिली. दाढीच्या दाढीला वेगळी जाळी लावावी लागली, ती बांधताना तो पकडलेल्या चोरासारखा उभा होता. धुण्याच्या खोलीतली वाफ काचेवर साचली होती. टेबलावर खरा ट्रे होता. एकतीस हत्यारं, थंड, ओली, जड. कॅप्टननं एक क्लॅम्प उचलून बघितला आणि चटकन खाली ठेवला, जणू त्यानं काहीतरी मोडलं असतं.

कॅप्टननं आदल्या दिवशी येऊन धाकटीला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "बघेन. हो म्हणायला सांगणार असाल तर येऊ नका."

आता ती स्क्रीनसमोर उभी होती. दोन्ही हातांत हातमोजे. थोरली कोपऱ्यात, धुतलेले ट्रे पुसत. कालपासून दोघींत मिठापुरतंही बोलणं झालं नव्हतं.

धाकटीनं ट्रे ओढला, हातमोज्याच्या बोटानं पहिल्या चौकोनाला टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. काही नाही. हातमोजा काढला, टिचकी मारली, चौकोन हिरवा झाला. हातमोजा घातला, दुसरं हत्यार उचललं. पुन्हा काढला. दाढी हे बघत होता आणि त्याच्या कपाळावर घाम जमत होता.

"असं एकतीस वेळा?" त्यानं हळूच विचारलं.

"तुम्हीच सांगा," धाकटी म्हणाली. "आणि माझी मान स्क्रीनकडे, तर क्लॅम्प मिटतो की नाही ते बघणार कोण? माझी सासू?"

कॅप्टनच्या तोंडून हसू निसटलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं.

"मग... स्वीकारलं की नाही?" दाढीनं विचारलं. हातात कोरं कार्ड होतं, पेन होतं.

थोरलीच्या हातातलं फडकं थांबलं. सवयीनं तिच्या ओठावर 'हो' आलासुद्धा, त्या पोराच्या तोंडाकडे बघून. तिनं दातांखाली धरला तो.

"नाही," धाकटी म्हणाली.

सरळ, साधा, रागाशिवायचा 'नाही'. दाढीचा चेहरा पडला, तसा तो पडणारच होता. त्यानं तो शब्द कार्डावर लिहिला. मग डोकं वर करून विचारलं, "का, ते सांगाल? पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून म्हणजे वेळ लागेल."

"आहे वेळ."

धाकटीनं दिवसभराच्या ट्रेंच्या रांगेकडे बघितलं. मग, मान न वळवता, कोपऱ्याकडे आवाज टाकला. "तुम्ही काय नुसत्या उभ्या? तो पुढचा ट्रे आणा इकडे. यांना एकटीनं किती दाखवू मी?"

आवाजात अजून धार होती. थोरलीनं ट्रे उचलला आणि निघाली.